पिकअपच्या हौद्यातून जड यंत्र नेणे : वजन, तोल आणि बांधणी

पोफळी :
नमस्कार मंडळी. भोसरीतील एका कारखान्यातून मी सहा फुटी बेडची जुनी लेथ (धातू कातण्याचे यंत्र) विकत घेतली आहे आणि ती चिपळूणजवळच्या माझ्या शेडमध्ये न्यायची आहे. विकणाऱ्याच्या सांगण्यानुसार तिचे वजन १,२०० किलोच्या आसपास आहे. माझी पिकअप नऊ फुटी हौद्याची असून तिची भारक्षमता १,७०० किलो आहे, म्हणजे वजनाच्या दृष्टीने गाडी पुरेशी आहे असे सकृद्दर्शनी दिसते. मार्ग पुणे, सातारा, कराड, पाटण आणि पुढे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण असा ठरवला आहे.

आजवर या गाडीतून मी सिमेंट, पत्रे, पाइप असा माल नेला आहे. परंतु थोड्याच जागेवर टेकणारे, उंच आणि एका टोकाला जड असलेले यंत्र कधी नेलेले नाही. ते हौद्यात नेमके कोठे ठेवावे, जड टोक कोणत्या दिशेला असावे, दोर वापरावा, पट्टा वापरावा की साखळी, आणि मुळात ही गाडी या कामाला योग्य आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. मोठी गाडी भाड्याने करण्याची माझी तयारी आहे. स्वतःची गाडी हाताशी आहे, म्हणून आधी विचारतो आहे.

कांदेबाग :
निफाड तालुक्यातून लिहितो आहे. आमच्याकडे हंगामात अशाच पिकअपमध्ये अडीच टन कांदा भरून लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात नेतात आणि त्या गाड्या वर्षानुवर्षे चालतात. १,२०० किलोंसाठी इतकी चिंता करण्याचे कारण मला दिसत नाही. चारही बाजूंनी घट्ट बांधा आणि सावकाश जा.

घाटवाट :
कांदेबाग दादा, तुमचा अनुभव खरा असेल, पण तो कांद्याचा आहे. मोकळा कांदा हौद्याच्या तळावर सगळीकडे पसरतो, चारही फाळक्यांना सारखा रेटून बसतो आणि गाडी हलली तर स्वतःच दबून घट्ट होतो. लेथ दोन पायांवर उभी असते. तिचे सगळे वजन हौद्याच्या पत्र्यावर दोन छोट्या जागांवर येते आणि एकदा ती हलली की पुन्हा जागेवर बसत नाही. शिवाय निफाड ते लासलगाव हा रस्ता सपाट आहे. पोफळी यांना आधी खंबाटकी चढायची आहे आणि नंतर कुंभार्ली उतरायची आहे. चढणीवर माल मागे सरकू पाहतो आणि पुढची चाके हलकी होतात. उतारावर तोच माल केबिनच्या दिशेने येऊ पाहतो. एकाच प्रवासात दोन्ही परीक्षा द्याव्या लागणार आहेत.

अडीच टनांविषयीही बोलले पाहिजे. माल डोळ्यांनी मोजण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि ती धोक्याची आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि कोरड्या वाळूचा एक ब्रास साधारण साडेचार टन भरतो. म्हणजे अर्धा ब्रास वाळू पिकअपमध्ये टाकली की सव्वादोन टन झाले, आणि हौदा तरीही अर्धा रिकामा दिसतो. वाळू ओली असेल तर वजन आणखी वाढते. हौद्यात जागा उरली आहे, याचा अर्थ गाडीची ताकद उरली आहे असा होत नाही.

पोफळी यांना माझे पहिले सांगणे असे आहे की विकणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये. यंत्राचे खरे वजन कळल्याशिवाय बाकीची चर्चा अपुरी राहील.

काटकोन :
घाटवाट यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. वजनाइतकाच त्याच्या जागेचा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तो साध्या हिशेबाने सोडवता येतो.

दोन एक्सलमधले अंतर ३ मीटर धरू. १,२०० किलोंचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या बरोबर वर असेल, तर सगळे १,२०० किलो मागच्या चाकांवर येतात. तो अर्धा मीटर पुढे, म्हणजे केबिनच्या बाजूला घेतला, तर मागच्या एक्सलवर १,००० आणि पुढच्यावर २०० किलो येतात. हेच यंत्र अर्धा मीटर मागे गेले, तर मागच्या एक्सलवर १,४०० किलो येतात आणि पुढच्या एक्सलवरचे २०० किलो उचलले जातात. एकूण वजन तेच असूनही मागच्या एक्सलवर ४०० किलोंचा फरक पडतो. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग हलके लागते, अनेक चालकांना ते सुखद वाटते, परंतु ओल्या वळणावर गाडी वळायला नकार देते ती याच कारणाने. म्हणून जड माल मागच्या एक्सलच्या थोडा पुढे असावा. लेथचे हेडस्टॉकचे, म्हणजे काम फिरवणाऱ्या डोक्याचे, टोक जड असते, तेव्हा ते टोक केबिनकडे ठेवावे, म्हणजे गुरुत्वमध्य आपोआप पुढे सरकतो.

हे बरोबर जमले की नाही ते वजनकाट्यावर तपासता येते. पूर्ण गाडीचा काटा झाल्यावर फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून दुसरे वजन करून घ्यावे आणि एकूणातून ते वजा करावे. उरते ते मागच्या एक्सलवरचे वजन. काट्याचा पृष्ठभाग आणि बाहेरची जमीन एका पातळीत असली पाहिजे, एवढीच अट आहे.

दुसरा मुद्दा कलंडण्याचा. जुन्या लेथच्या पायांची रुंदी अर्ध्या मीटरच्या आसपास असते आणि गुरुत्वमध्य पाऊण मीटर उंचीवर असतो. अर्धी रुंदी भागिले उंची, म्हणजे ०.२५ भागिले ०.७५, उत्तर सुमारे ०.३३. याचा अर्थ असा की यंत्राच्या वजनाच्या एक तृतीयांश इतका आडवा जोर बसला की ते आडवे होऊ लागेल. वळणावर अचानक स्टिअरिंग फिरवावे लागले, तर जोर त्याहून अधिक असू शकतो. उपाय असा की यंत्राचे पाय जाड लाकडी तुळयांना बोल्टने जखडावेत आणि त्या तुळयांखाली आडव्या तुळया घालून बैठक ९० सेंटिमीटर रुंद करावी. उंची दहा सेंटिमीटर वाढली तरी ०.४५ भागिले ०.८५ म्हणजे ०.५३ होते. हा मोठा फरक आहे. तुळयांमुळे वजन हौद्याच्या खालच्या आडव्या पट्ट्यांवर वाटले जाते, हा वेगळा लाभ आहे.

पोफळी :
काटकोन, मनापासून आभार. काट्यावर एक्सल वेगळा मोजण्याची युक्ती मला ठाऊक नव्हती. बांधणीविषयीही असाच हिशेब असतो का?

यारातीर :
मी मेलबर्नला राहते आणि येथे माझ्या यजमानांचा बागकामाच्या सामानाचा व्यवसाय आहे. उघड्या सपाट हौद्याच्या गाड्या येथे घरोघरी दिसतात आणि माल बांधण्यासाठी देशभर लागू असलेली मार्गदर्शिका आहे. तिच्यातले आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. बांधणीने मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढच्या दिशेला सहन केला पाहिजे, दोन्ही बाजूंना आणि मागे ५० टक्के, आणि वरच्या दिशेला २० टक्के. पुढचा आकडा सर्वांत मोठा आहे, कारण जोराने ब्रेक मारल्यावर गाडी थांबते आणि माल थांबायला तयार नसतो. गाडी छोटी आहे किंवा अंतर कमी आहे म्हणून यात सवलत मिळत नाही. मला ही पद्धत पटते, कारण "घट्ट बांधा" या शब्दांनी काहीच मोजता येत नाही.

काटकोन :
यारातीर ताईंनी दिलेले आकडे घेऊनच पुढचा हिशेब करतो. १,२०० किलोंचे ८० टक्के म्हणजे ९६० किलोंचा जोर. लाकूड आणि लोखंडी पत्रा यांच्यातले घर्षण साधारण ०.३ असते, म्हणजे नुसत्या वजनाने ३६० किलोंची पकड मिळते. उरलेले ६०० किलो बांधणीने द्यायचे आहेत.

आता यंत्रावरून आडवा टाकलेला ५० मिलिमीटर रुंदीचा रॅचेट पट्टा घ्या. हाताने घट्ट केल्यावर त्यात सुमारे ३०० किलोंचा ताण येतो. दोन्ही बाजू सरळ खाली जात असतील, तर यंत्र ६०० किलोंनी खाली दाबले जाते आणि त्यातून ०.३ च्या हिशेबाने १८० किलोंची जादा पकड मिळते. म्हणजे असे चार पट्टे लागतील. पट्ट्यावर ५ टन लिहिलेले असते आणि लोक समजतात की एका पट्ट्याने ५ टन माल धरला. ती तुटण्याची मर्यादा आहे. दाबून धरण्याच्या कामात उपयोगी पडतो तो फक्त हाताने दिलेला ताण. पट्टा तिरपा होऊन जमिनीशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर दाबही निम्मा होतो.

याउलट तुळयांखाली जाड रबरी चटई अंथरली, तर घर्षण ०.६ पर्यंत जाते आणि त्याच हिशेबात एका पट्ट्यातही काम भागते. अर्थात दोनांपेक्षा कमी कधीच लावू नयेत. रबराच्या एका तुकड्याने जे साधते ते साधायला एरवी आणखी तीन पट्टे लागतात. हौद्यातली माती, तेल आणि धान्याचे दाणे झाडून काढणे हेही बांधणीचेच काम आहे, कारण त्यांच्यामुळे ०.३ सुद्धा मिळत नाही.

सळई :
अहिल्यानगरला आमचे लोखंडाचे दुकान आहे, म्हणून घर्षणाचा मुद्दा मी जवळून पाहतो. तेलकट लोखंडावर लोखंड ठेवले तर पकड जवळजवळ नसतेच. सळईचे मीटरमागे वजन काढण्याचे सूत्र सर्व गवंड्यांना पाठ असते : मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. त्यानुसार १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई सुमारे १०.७ किलो भरते. ती मधोमध वाकवली तरी ६ मीटर लांब राहते आणि नऊ फुटी हौद्यात निम्म्याहून अधिक भाग बाहेर लोंबतो. ग्राहक टोकाला लाल फडके बांधून निघतो आणि त्याला वाटते की नियम पाळला. पूर्वी मागे एक मीटरपर्यंत बाहेर काढण्याची सवलत होती. ती २०१४ मध्ये काढून टाकण्यात आली, कारण मागून येणारे वाहन अंधारात थेट त्या टोकांवर जाते. आमच्या दुकानातून आम्ही पिकअपमध्ये फक्त कापलेली सळई भरून देतो आणि न कापता नेण्याचा आग्रह झाला तर विक्री सोडून देतो.

दंडाचेही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये अशी तरतूद आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च गाडीवाल्यानेच द्यायचा असतो. माल हौद्याबाहेर आला तर तेथेही २०,००० रुपयेच आहेत. वजन करून घेण्यास नकार दिला तर ४०,००० रुपये.

कांदेबाग :
सळई भाऊ, कायदा मान्य आहे. कांदा मोकळा असतो आणि यंत्र तसे नसते, हा घाटवाट यांचा मुद्दाही मला पटला. परंतु शेतकऱ्याची अडचणही समजून घ्या. बाजारात भाव पडलेला असताना दोन फेऱ्यांचे डिझेल परवडत नाही, म्हणून एकाच फेरीत माल भरला जातो. त्यासाठी आमच्याकडे सगळे जण मागच्या बाजूला स्प्रिंगचे दोन जादा पाटे घालून घेतात. पाटे वाढवले की गाडी बसत नाही. मग ताकद वाढली असे का म्हणू नये?

वंगण :
गॅरेज चालवतो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर देणे मला भाग आहे. पाटे वाढवल्याने गाडी बसत नाही हे खरे आहे, परंतु वाढलेले वजन एक्सल, बेअरिंग, चाकाचे स्टड, टायर, चॅसी आणि ब्रेक यांना तेवढेच लागते. पाटा फक्त दिसणे बदलतो.

यात एक धोका असा आहे की तो बहुतेक मालकांना ठाऊकच नसतो. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो चॅसीवर बसवलेला असतो आणि एका दांडीने मागच्या एक्सलला जोडलेला असतो. माल भरला की हौदा खाली बसतो, चॅसी आणि एक्सल यांच्यातले अंतर कमी होते, दांडी फिरते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला अधिक दाब सोडतो. गाडी रिकामी असताना तो दाब रोखतो, म्हणजे मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरत नाही. आता तुम्ही जादा पाटे घातले. गाडीत अडीच टन आहेत, पण हौदा खाली बसलाच नाही. व्हॉल्व्हला वाटते की गाडी रिकामी आहे, आणि ज्या वेळी मागच्या ब्रेकची सर्वाधिक गरज आहे नेमक्या त्याच वेळी तो दाब अडवून ठेवतो. सगळे काम पुढच्या ब्रेकवर येते आणि घाटात ते तापून ढिले पडतात. पाटे बदललेली गाडी गॅरेजमध्ये आली की मी आधी ती दांडी पाहतो. पुष्कळ वेळा ती तारेने बांधून ठेवलेली असते किंवा काढूनच टाकलेली असते.

टायरची हवा थंड असताना, भरलेल्या गाडीसाठी कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. तो आकडा रिकाम्या गाडीच्या आकड्याहून वेगळा असतो. कमी हवेचा, जादा भाराचा टायर एप्रिलच्या उन्हात आतून तापतो आणि फुटतो. दोष मात्र रस्त्याला दिला जातो.

कांदेबाग :
त्या दांडीचे मला खरोखर माहीत नव्हते. उद्याच गाडीखाली पाहून घेतो.

दगडफूल :
कराडला आमचा ग्रॅनाइट आणि शहाबादी फरशीचा व्यवसाय आहे. २० मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन चौरस फुटाला सुमारे पाच किलो भरते, म्हणजे नऊ फूट बाय पाच फुटांची एक लादी सव्वादोनशे किलोंची होते. आम्ही लाद्या कधीही आडव्या टाकत नाही, कारण खड्ड्यात त्या स्वतःच्या वजनाने मधोमध तुटतात. लोखंडी घोडीवर दोन्ही बाजूंना सारख्या संख्येने, आतल्या बाजूला किंचित कललेल्या ठेवतो आणि उतरवतानाही एकदा या बाजूची, एकदा त्या बाजूची अशीच काढतो. एका बाजूच्या सगळ्या लाद्या आधी काढल्या तर घोडी दुसऱ्या बाजूला कलंडते. आमच्या धंद्यातले गंभीर अपघात रस्त्यावर थोडे आणि उतरवताना जास्त होतात.

तेवढ्यासाठी एक गोष्ट आग्रहाने सांगते. माल बांधून झाला की हमाल बंधू हौद्यात मालाशेजारी बसून निघतात. "पोहोचल्यावर उतरवायला कोण आहे?" असे विचारले जाते आणि बाकीचे गप्प बसतात. यंत्र सरकले तर फाळका आणि यंत्र यांच्यामध्ये माणूस सापडतो आणि त्याला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. महाराष्ट्रात हमालांसाठी १९६९ पासून माथाडी कायदा आहे, तरीही त्यांच्या बसण्याची सोय हा आपल्या हिशेबात शेवटचा विषय असतो. पोफळी दादा, मदतनिसांना केबिनमध्ये जागा नसेल तर त्यांच्यासाठी एस. टी. किंवा दुसऱ्या गाडीची सोय करा. पट्टे, साखळ्या यांच्या खर्चाआधी हा खर्च धरा.

घाटवाट :
दगडफूल ताई, तुमचे म्हणणे प्रत्येक वाहतूकदाराच्या कार्यालयात लावून ठेवावे असे आहे.

ओळंबा :
कारखान्यांतली यंत्रे हलवणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे लेथविषयी थोडे सविस्तर लिहितो.

उचलण्यापूर्वी चक (काम पकडणारा जबडा) काढून घ्यावा. टेलस्टॉक (कामाचे दुसरे टोक धरणारा भाग) शेवटच्या टोकाला नेऊन जखडावा. कॅरेजही (हत्यार धरून बेडवर सरकणारा भाग) टेलस्टॉकच्या बाजूला सरकवून लॉक करावे. हेडस्टॉकच्या जड टोकाला त्याचा थोडा प्रतिभार मिळतो आणि यंत्र उचलताना समतोल राहते. मोटर मागच्या बाजूला लोंबती बसवलेली असेल तर तीही सोडवून घ्यावी, कारण तिच्यामुळे यंत्र मागे कलते. पट्टा बेडखालून घ्यावा आणि पुढच्या बाजूला लीड स्क्रू व फीड रॉड या कॅरेज सरकवणाऱ्या लांब दांड्यांना तो कोठेही टेकणार नाही अशा रीतीने लाकडी गुटके लावावेत. लीड स्क्रू एकदा वाकला की त्या लेथवर अचूक आटे पडत नाहीत. हायड्राने (चाकांवरच्या क्रेनने) उचलताना प्रथम जमिनीपासून चार बोटेच उचलावे, थांबावे, कोणत्या बाजूला झुकते ते पाहावे, खाली ठेवून पट्टा सरकवावा आणि मगच पूर्ण उचलावे. लटकत्या यंत्राला हाताने धरून वळवू नये. टोकाला दोर बांधून दुरून वळवावे.

बांधणीबाबत काटकोन यांचा हिशेब बरोबर आहे, परंतु लेथसाठी मी केवळ दाबून धरणाऱ्या पट्ट्यांवर अवलंबून राहत नाही. यंत्राच्या बेडपासून चार कोपऱ्यांना चार साखळ्या तिरप्या ओढतो, दोन पुढे आणि दोन मागे, म्हणजे प्रत्येक दिशेचा ओढा थेट साखळीवर येतो. साखळी कड्यांना अडकवावी, आणि त्या कड्या चॅसीला किंवा हौद्याच्या खालच्या चौकटीला वेल्ड केलेल्या असाव्यात. फाळक्याच्या बिजागरीला, फाळक्यावरच्या ताडपत्रीच्या हुकांना किंवा केबिनमागच्या जाळीला साखळी बांधली, तर ती बांधणी नाही. ते हूक ताडपत्रीसाठी आहेत. यंत्राचे पुढचे टोक आणि हौद्याची पुढची भिंत यांच्यात फट राहिली, तर ती लाकडाने पूर्ण भरावी, आणि ते लाकूड भिंतीच्या तळाशी, जेथे चौकट आहे तेथे टेकवावे. वरचा पत्रा फार काही सोसत नाही.

नायलॉनचा दोर या कामाला नको. तो ताणतो, प्रवासात माल बसला की ढिला पडतो आणि लोखंडाच्या कडेवर कापला जातो. पट्टा वापरलाच तर प्रत्येक कडेवर जाड पुठ्ठा किंवा जुन्या टायरचा तुकडा घालावा. निघाल्यावर थोड्याच अंतरावर थांबून सर्व ताण पुन्हा तपासावेत. पहिल्या खड्ड्यांमध्ये माल बसतो आणि तेव्हाच सगळे ढिले होते.

यारातीर :
ओळंबा दादांच्या शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. आमच्याकडेही थोड्या अंतरावर थांबून पुन्हा पाहण्याची शिस्त चालकांना शिकवली जाते.

पोफळी :
सर्वांचे आभार. आपल्या सूचनेप्रमाणे कारखान्यात जाऊन हायड्राच्या हुकाला लटकता काटा लावून वजन केले. चक आणि मोटर काढल्यावर नुसती लेथ १,४२० किलो भरली. चक, मोटर, स्टेडी (लांब कामाला मध्ये आधार देणारा भाग), हत्यारे मिळून १५० किलो, लाकडी तुळयांचे ६० किलो आणि आम्ही दोघे मिळून १४० किलो धरले, तर एकूण १,७७० किलो होतात. विकणाऱ्याचा आकडा बहुधा लहान बेडच्या मॉडेलचा असावा.

कांदेबाग :
पोफळी दादा, सत्तर किलोंनी काय होणार? पाटे न वाढवताही ही गाडी तेवढे सहज नेईल.

काटकोन :
कांदेबाग, सत्तर किलोंनी एक्सल मोडणार नाही, हे मीही मान्य करतो. परंतु भारक्षमता ही पसरलेल्या मालासाठी सांगितलेली असते. येथे १,४२० किलो थोड्याच जागेवर आणि जमिनीपासून दीड मीटरच्या वर आहेत, कारण हौद्याची उंची यंत्राच्या उंचीत मिळवावी लागते. अशा मालासाठी मी गाडीच्या मर्यादेच्या पुष्कळ आत राहीन. शिवाय अपघात झाल्यास काट्याची पावती विमा कंपनीसमोर येते आणि तेथे सत्तर किलोंवरूनही वाद उभा राहू शकतो.

वंगण :
माझेही हेच मत आहे. मोठी गाडी करावी.

सळई :
मोठी गाडी स्वतः चालवायचा विचार असेल, तर परवान्याचे पाहून घ्या. एकूण ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. त्यापुढच्या गाडीला वेगळा परवाना लागतो.

पोफळी :
चौदा फुटी हौद्याची गाडी चालकासह ठरवली आहे. चक, मोटर आणि हत्यारे माझ्या पिकअपमधून जातील आणि मदतनीस माझ्यासोबत केबिनमध्ये बसतील. भाड्याच्या गाडीच्या चौकटीला कड्या आहेत, हे पाहूनच गाडी घेतली. घाटवाट, कुंभार्ली उतरण्याविषयी काही सांगाल का? त्या चालकाने हा घाट पूर्वी उतरलेला नाही.

घाटवाट :
दिवसा उतरा. कोयनानगर सोडल्यावर, घाट सुरू होण्यापूर्वी थांबून साखळ्या पाहा, कारण चढणीवर मालाचा ओढा पुढच्या साखळ्यांवर होता आणि आता तो मागच्या साखळ्यांवर जाणार आहे. ज्या गिअरमध्ये हा उतार चढावा लागला असता त्याच गिअरमध्ये तो उतरा आणि गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाका. उताराच्या मध्यावर गिअर बदलायला गेले आणि तो बसला नाही तर गाडी मोकळी सुटते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणारा चालक असेल तर त्याला आधीच स्पष्ट सांगा. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वेग वाढला की एकदा ठामपणे दाबून कमी करा आणि सोडा, म्हणजे मधल्या वेळात ड्रम थंड होतात. जळका वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागले, तर पहिल्या सपाट जागी थांबा. त्या वेळी गरम ड्रमवर पाणी टाकू नका, तडा जातो. तुम्ही पिकअपने त्याच्या मागे अंतर ठेवून चला. पुढे राहू नका.

दगडफूल :
पाटणपर्यंतचा रस्ता आमच्या रोजच्या येण्याजाण्यातला आहे. उसाचा हंगाम असेल तर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि अंधार पडल्यावर त्यांच्या मागे दिवा असतोच असे नाही. पहाटे पुण्यातून निघालात तर हा टप्पा उजेडात पार पडेल.

पोफळी :
लेथ काल शेडबाहेर पोहोचली. खंबाटकी चढून गेल्यावर एक साखळी ढिली आढळली, ती ताणून घेतली; त्यानंतर काही हलले नाही. येथे हायड्राने ती दारापर्यंत उतरवली आहे, परंतु शेडचे दार बुटके असल्याने हायड्रा आत जात नाही. आत साधारण आठ मीटर न्यायची आहे. तुळया अजून बोल्टने लावलेल्याच आहेत.

ओळंबा :
तुळया काढू नका, त्याच उपयोगी पडतील. दीड इंची जाड पाइपचे एकाच व्यासाचे चार तुकडे घ्या, यंत्राच्या बैठकीहून थोडे लांब. यंत्र ज्या दिशेने सरकवायचे त्या दिशेच्या लांब तुळयाच पाइपांवर टेकल्या पाहिजेत. आडव्या तुळया सर्वांत खाली असतील तर पाइपांवर बसतील अशा दोन फळ्या त्यांच्याखाली लांबीच्या दिशेने ठोका. पहारीने एक टोक दोन बोटे उचला, लगेच खाली गुटका सरकवा, मग पाइप घाला. गुटक्याशिवाय हात खाली घालू नका. एका वेळी निदान तीन पाइप यंत्राखाली असावेत; मागचा मोकळा झाला की तो पुढे आणून घाला. पाइप हाताने किंवा पायाने सरळ करू नका, हातोडीने ठोकून सरळ करा. शेडची जमीन दाराकडून आत उताराची असेल तर मागच्या बाजूने चेन ब्लॉक (साखळीची हातकप्पी) लावून यंत्र रोखत रोखत सोडा, आणि पुढे कोणालाही उभे राहू देऊ नका.

पोफळी :
जमीन आतल्या बाजूला किंचित उताराची आहे. चेन ब्लॉक शेजारच्या कारखान्यातून मिळतो आहे, पण तो कशाला अडकवावा? शेडचे खांब सिमेंटचे आहेत.

ओळंबा :
हायड्रा अजून तेथेच असेल तर तिला दाराबाहेर उभी करून, हातब्रेक ओढून आणि चाकांना गुटके लावून तिच्या पुढच्या टो-हुकाला अडकवा. ती गेली असेल तर भरलेली पिकअप तशीच उभी करा. खांबाला मात्र अडकवू नका.